बिब्ब्याची खूण

१

गंगाखेडच्या गोदातीर कॉलेजच्या वसतिगृहात त्या सोमवारी सकाळी पोरं नळावर भांडत नव्हती आणि मेसच्या पोह्यांना नावंही ठेवत नव्हती. सायकलच्या कॅरिअरला मोकळी चादर बांधून आलेल्या लिंबाजी परटानं फाटकातच ओळखलं, की काहीतरी आक्रीत घडलंय. तेवीस वर्षं तो दर सोमवारी इथून कपडे नेत होता. एकोणीसशे शहाऐंशीचा डिसेंबर होता, थंडी चांगली पडली होती आणि तरीही सगळी पोरं स्वेटर न घालता व्हरांड्यासमोर गोळा झाली होती.

लिंबाजी म्हणजे साठीला टेकलेला, सुखी जीव. गोदेचं स्वच्छ पाणी, दुपारचं कडक ऊन आणि जरा जास्त साखरेचा चहा मिळाला, की त्याचं कुणाशी काही मागणं नसे. दुसऱ्याच्या भानगडीत तर तो कधीच पडत नसे. पण कडुनिंबाखाली एकटाच उभा असलेला वाल्मीक त्याला दिसला आणि त्यानं सायकल तिथंच भिंतीला टेकवली. वाल्मीक ऊसतोड्यांचा पोरगा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, वर्गात पहिला होता, आणि स्वतःचे कपडे स्वतः धूत असे. एन.सी.सी.ची खाकी वर्दी तेवढी तो खळ घालून इस्त्री करायला लिंबाजीकडे द्यायचा.

"काय झालंय सर?" लिंबाजीनं रेक्टर दिनकररावांना विचारलं.

दिनकरराव वनस्पतिशास्त्र शिकवायचे. रागावणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी जिमखान्यामागं बन्सीधर जखमी सापडला. डाव्या मांडीत हत्यार घुसलंय. सात टाके पडले. दारू इतकी चढलेली, की कुणी मारलं हेही त्याला आठवत नाही. आणि वाल्मीकच्या ट्रंकेत कोयता सापडला."

व्हरांड्यातल्या टेबलावर तीन वस्तू मांडल्या होत्या. तपकिरी डाग पडलेला कोयता, एक रिकामी बाटली आणि मांडीवर चिरलेली, रक्तानं माखलेली खाकी पँट. टेबलामागं प्राचार्य तात्याराव येरझारा घालत होते. तात्याराव शिस्तीचे भोक्ते. त्यांच्या चपलांचा आवाज आला तरी पोरं विड्या विझवत.

"मी हे वाचलेलं आहे, दिनकरराव," ते म्हणाले. "विद्यार्थी जिथं पितात तिथं हत्यार असतं आणि हत्यार असतं तिथं पिणं असतं. हत्यार याच्या ट्रंकेत सापडलं. म्हणजे बाटलीही याचीच. मागच्या आठवड्यात मेसमध्ये यानंच बन्सीधरची गचांडी धरली होती. काल अंधार पडल्यावर हा जिमखान्याकडून पळत येताना दोघांनी पाहिलाय. आणखी काय हवं? चार वाजता समितीची बैठक. दाखला हातात आणि पोरगा पोलिसांच्या हातात. याच्या आईबापांना ऊसतोडीच्या टोळीवर निरोप धाडलाय."

 वाल्मीक त्याच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच होता. त्या दाखल्यावर एकदा शेरा पडला, की त्याला जिल्ह्यात कुठलंच कॉलेज उभं करणार नव्हतं, हे त्याला कळत होतं आणि लिंबाजीलाही.

"लिंबाजी, ती पँट कागदात नीट बांध. धुवायची नाही बरं का. पुरावा आहे तो," तात्याराव म्हणाले.

लिंबाजीनं पँट उचलली. तेवीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या अंगठ्यानं नेफा उलटा केला आणि आतली खूण चाचपली. त्यानं ती दुसऱ्यांदा चाचपली. मग पँट उजेडात धरून पाहिली.

ती पँट बन्सीधरची नव्हती.

२

एन.सी.सी.च्या सगळ्या पोरांच्या खाकी पँटी एकाच गठ्ठ्यातून आलेल्या. रंग एक, शिलाई एक, बटणंही एकसारखी. पोरांना स्वतःची पँट ओळखू येत नसे. ओळखायचा तो फक्त लिंबाजी. सुई बिब्ब्याच्या तेलात बुडवून तो प्रत्येकाच्या नेफ्याला आतून बारीक खूण करायचा. कुणाला दोन ठिपके, कुणाला आडवी रेघ, कुणाला फुली. भट्टीत उकळा की दगडावर आपटा, ती खूण कापड फाटेस्तोवर जात नाही. वही नव्हती. साठ पोरांच्या खुणा त्याच्या डोक्यात होत्या. बन्सीधरची खूण तीन ठिपके. या पँटला होती एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी ठिपका. ही चंद्रभानची पँट.

पुड्याला सुतळी बांधताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. रक्त कापडाच्या वरच्या बाजूला फासलेलं होतं. आतली बाजू जवळजवळ कोरी. जखमेतलं रक्त आतून बाहेर येतं. हे बाहेरून आत निघालं होतं आणि वाटेतच सुकलं होतं.

लिंबाजीनं पुडा टेबलावर ठेवला आणि गप बसला. त्याचं कारण होतं. परटाच्या हाती माणसाचं सगळंच येतं. खिशातल्या चिठ्ठ्या, विड्या, सिनेमाची तिकिटं, नको त्या जागचे डाग. तो सगळीकडं बोलत सुटला, तर उद्या त्याच्याकडं कुणी रुमालही टाकणार नाही. आजवर त्यानं कुणाचं काही कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पण कडुनिंबाखालचं ते पोरगं बघून त्या अभिमानाचं करायचं काय, हे त्याला कळेना.

तो वाल्मीकजवळ जाऊन उकिडवा बसला.

"खरं सांग लेकरा. काल कुठं हुतास?"

"टोळीवर, मामा. आईतवारी म्या ऊस तोडायला जातो. बाची कंबर धरलीय, एकटी आई किती तोडंल?"

"आन् पळत कामून आलास?"

"साडेसातला मेस बंद करत्यात. नर्मदाबाई एकदा झाकण घालून बसली की देवाला बी वाढत न्हाई. उशीर झाला म्हणून जिमखान्याकडनं आडवा पळत आलो. बन्सीधर मला दिसला बी न्हाई."

"कोयता ट्रंकेत कायला ठेवायचा रे?"

वाल्मीकनं पहिल्यांदा मान वर केली. "टोळीवर ठेवला तर कुणी बी उचलतंय. मूठ मपल्या हाताला बसलीय. आन् इथं कानस मारायला येळ मिळतो. हत्यार म्हणून न्हाई ठेवला, मामा. पेन ठेवतो तसा ठेवला."

"मंग मेसमध्ये गचांडी धरलीस ती?"

"आईचं नाव घेतलं त्यानं. पिऊन आलता." जरा थांबून तो म्हणाला, "पिऊन आलता म्हणूनच सोडला."

लिंबाजीनं मागं वळून टेबलाकडं पाहिलं. टेबलाच्या पायावरून काळ्या मुंग्यांची रांग चढत होती. ती पँटच्या पुड्याला वळसा घालून सरळ कोयत्यापाशी जात होती.

लिंबाजी मिशीतल्या मिशीत हसला. पण चार वाजायला अजून सहा तास होते, आणि चंद्रभाननं आपली पँट स्वतः का चिरली, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

३

नऊ नंबरच्या खोलीत बन्सीधर, चंद्रभान आणि मुंजाजी असे तिघं राहत. बन्सीधर ताडकळसच्या मोठ्या बागायतदाराचा पोरगा. तो अजून दवाखान्यात होता. चंद्रभान एन.सी.सी.चा सार्जंट, ताठ मानेचा आणि गोड बोलणारा. मुंजाजी येलदरीकडचा, गोलमटोल आणि भित्रा. मांजर आडवं गेलं तरी दोन मिनिटं थांबणारा.

लिंबाजीनं दारात चादर अंथरली. "टाका रे कापडं. आज सोमवार हाय, इसरलात का?"

मुंजाजीनं शर्ट टाकले. चंद्रभाननं शर्ट टाकले, धोतराची लुंगी टाकली.

"आन् खाकी पँट? परेड हुती न्हवं शनवारी?" लिंबाजीनं सहज विचारलं.

"ती कुठं गेली काय मालूम," चंद्रभान म्हणाला. "वाळत घातली हुती, कुणीतरी नेली."

"बन्सीधरची?"

"ती तर टेबलावर हाय. त्याच पँटीवर वार झाला. आमीच आणून दिली. दवाखान्यात नेण्याआधी खोलीत आणून त्याला लुंगी नेसवली आन् पँट काढून ठेवली."

"बरं केलंस." लिंबाजी कपडे मोजत म्हणाला, "आन् वाल्मीकला पळताना तूच बघितलंस?"

"मी आन् मुंजाजीनं. दोघांनी."

"हातात कोयता हुता?"

चंद्रभान म्हणाला, "हुता." त्याच वेळी मुंजाजी म्हणाला, "अंधार हुता."  मुंजाजीचं कपाळ भर थंडीत घामानं डबडबलं होतं.

लिंबाजी गाठ मारत उठला. बन्सीधरची दुसरी खाकी पँट गेल्या सोमवारपासून लिंबाजीच्याच घरी होती, इस्त्रीसाठी. म्हणजे काल रात्री या खोलीत बन्सीधरची एकच पँट होती. जी त्याच्या अंगावर होती ती.

ती गेली कुठं?

४

मेसमध्ये नर्मदाबाई वांगी चिरत बसल्या होत्या. साठ पोरांना धाकात ठेवणारी ही बाई लिंबाजीला मात्र न मागता चहा द्यायची, आणि साखरही बरोबर घालायची.

"बाई, आज सकाळी गरम पाणी कुणी नेलं?"

"त्या मुंज्यानं. बादलीभर! पाच वाजता!" नर्मदाबाईंनी विळीवरून हात उचलला. "थंडीचा आठ आठ रोज अंगाला पाणी लावत न्हाई त्यो. मी म्हणलं, आज काय लगीन हाय का रे बाबा? तर म्हणतो, सोमवार हाय म्हणून आंघोळ. आन् बघते तर काय, धा वाजता बी तसाच, पारोसा. पाणी कुठं वतलं कुणास ठाऊक."

लिंबाजीनं चहा एका घोटात संपवला. साखर तळाशी राहिली, पण तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. रक्ताचं कापड गरम पाण्यात घालणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्यानं जन्मात कधी धुणं धुतलेलं नसतं. थंड पाण्यात रक्त सुटतं. उकळतं ओतलं, की ते कापडात भाजून बसतं आणि मग देव उतरला तरी निघत नाही.

वसतिगृहाच्या मागं वाळत घालायच्या तारा होत्या. एका तारेवर मोठी ओली चादर होती, आणि ती चादर तिच्या वजनापेक्षा जास्त झुकली होती. लिंबाजीनं चादरीचं टोक उचललं.

खाली खाकी पँट होती. डाव्या मांडीवर हातभर तपकिरी डाग, भाजून पक्का झालेला. नेफ्याला तीन ठिपके. लिंबाजीनं तो डाग दोन्ही हातांत ताणून उन्हाकडं धरला. मग सगळी पँट बोटांनी इंच इंच चाचपली.

एक धागासुद्धा तुटलेला नव्हता.

तो तिथंच वाळूच्या ढिगावर टेकला. मांडीत हत्यार घुसलं, सात टाके पडले आणि मांडीवरची पँट मात्र धड. कोड्याची गाठ एकदम सुटली आणि सुटताच त्याला बन्सीधरची कीव आली. त्यानं नेफा पुन्हा उलटला. डाव्या बाजूला आतून बोटभर लांब, तांबूस पट्टा होता. लोखंडाचा गंज. घरी पडलेल्या दुसऱ्या पँटलाही तो अगदी त्याच जागी होता. दिवाळीपासून दोनदा लिंबू-मीठ लावून त्यानं तो काढला होता आणि कुणाला बोलला नव्हता.

बोलला असता तर? ती खंत त्याला लागली. गेल्या काही वर्षांत असे गंजाचे पट्टे वाढले होते. ज्या पँटच्या नेफ्याला पट्टा, तिच्याच खिशाला हातभट्टीचा वास. तात्यारावांनी वाचलेलं खोटं नव्हतं. त्यांनी ते नको त्या पोराला लावलं, एवढंच. आणि वाल्मीकच्या पँटला आजवर घामाशिवाय दुसरा डाग नव्हता.

दुपार टळत होती. लिंबाजीनं ती ओली पँट चादरीत गुंडाळली आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा न बोलावता प्राचार्यांच्या कचेरीची पायरी चढला.

५

चार वाजता कचेरी गच्च भरली होती. दुपारी दवाखान्यातून सोडलेला बन्सीधर खुर्चीत पाय लांब करून बसला होता. चेहरा पांढराफटक. त्याच्या मागं फेटा बांधलेले सटवाजी, त्याचे वडील, ताडकळसहून आलेले. भिंतीला चंद्रभान आणि मुंजाजी. दारापाशी वाल्मीक.

"लिंबाजी, तुझं इथं काय काम?" तात्याराव म्हणाले.

"साहेब, डागाचा इचार चाललाय. मग परटाला नगं का बोलवाया?"

दिनकरराव चटकन म्हणाले, "बोलू द्या सर." एवढ्या ठाम आवाजात ते कधी बोलले नव्हते, त्यामुळे तात्याराव खरोखरच गप्प झाले.

लिंबाजीनं ओल्या फडक्याचं टोक कोयत्यावरच्या डागावर फिरवलं. डाग विरघळून चिकट झाला आणि त्यात दोन मुंग्या अडकल्या. "सकाळधरनं मुंग्यांची रांग लागलीय ह्याला. ह्यो उसाचा रस हाय. वाळला की असाच काळपट हुतो. तिकडं पँटवर इतकं रगत हाय, एक मुंगी तरी फिरकली का?"

 सटवाजी पुढं झुकले. त्यांना उसाचा रस काय असतो हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"आन् ही चिरलेली पँट बन्सीधरची न्हाई. चंद्रभानची हाय."

"खोटं!" चंद्रभान उसळला. "बिब्ब्याच्या ठिपक्याचं काय घेऊन बसलात सर? कुणी बी काढील, कुणी बी वाचील!"

तात्यारावांनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. लिंबाजीनं बिब्ब्याचं नावही अजून काढलं नव्हतं. पण प्राचार्य पक्के होते. त्यांनी शिपायाला पाठवून वेगवेगळ्या खोल्यांतून दहा खाकी पँटी मागवल्या. आणणाऱ्यानं प्रत्येकीचा मालक कागदावर लिहून कागद प्राचार्यांच्या हाती दिला. लिंबाजी खिडकीबाहेर बघत एकेक नेफा अंगठ्यानं चाचपत गेला आणि नावं सांगत गेला. नऊ नावं जुळली. दहाव्या पँटवर तो अडला.

"ही पोराची न्हाई साहेब. ही तुमच्या शिपायाची हाय. पोरांच्या ढिगात टाकून फुकट धुऊन घेतो."

शिपाई खाली बघू लागला. कचेरीत हशा पिकला आणि तात्यारावांनाही ओठ दाबावे लागले.

मग लिंबाजीनं चादर सोडली आणि ओली पँट टेबलावर पसरली. "ही बन्सीधरची. तीन ठिपके. चादरीखाली दडवून वाळत घातली हुती. मुंजाजीनं पाटं गरम पाण्यात बुडवली, म्हणून रगत निघालं न्हाई. आता बघा साहेब, हिला कुठं चीर हाय का?"

तात्यारावांनी चष्मा लावला. पँट उलटीपालटी केली, उजेडाला धरली. दिनकररावांनीही पाहिली.

"नाही," तात्याराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण जखम तर मांडीत आहे. कापड न चिरता हत्यार आत जाईल कसं?"

"आत जाणार कसं? त्ये आधीपासनंच आत हुतं." लिंबाजीनं नेफा उलटून गंजाचा पट्टा दाखवला. "सुरा बिनम्यानाचा, नेफ्यात खोचलेला, टोक खाली. काल पोरगं पिऊन जिमखान्यामागल्या कट्ट्यावर धप्पदिशी बसलं. वाकलं तसं टोक मांडीत गेलं. कुणी मारलं न्हाई त्याला. त्याच्याच कमरेच्या सुऱ्यानं मारलं. ह्या दोघांच्या ध्यानात आलं, की पँट धड हाय, आन् धड पँट सगळं सांगून टाकील. म्हणून दुसरी पँट चिरून, तिनं खोलीतल्या फरशीवरलं रगत पुसून तुमच्यापुढं ठेवली. खाकी सगळ्या सारख्याच, कोण वळखतंय? असं त्यांना वाटलं. वाल्मीक पळताना दिसला हुता, त्याच्याकडं कोयता हाय हे बी ठाऊक हुतं. आयतंच सापडलं."

मुंजाजी हात जोडत पुढं आला.  "सर, सुरा सायकल स्टँडच्या पत्र्यावर हाय. मी न्हाई म्हणत हुतो सर. चंद्रभान म्हणला, दारूचं कळलं की तिघांची बी नावं काढतील. त्या कोयतेवाल्याचं काय जातंय, असं म्हणला."

वाल्मीकनं ते ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. सकाळपासून इतकं होऊनही भरले नव्हते ते आत्ता भरले.

शिपायानं सुरा आणला. वीतभर लांबीचा, वाकड्या पात्याचा जंबिया. तो पाहताच सटवाजी उठून उभे राहिले.

"ह्यो तर आमच्या खंडेनवमीच्या पूजेतला! दिवाळीपासनं हुडकायलोत घरात. बन्सी?"

बन्सीधर बापाकडं न बघता बोलला. "पयल्या वर्षी आलो तव्हाच मोठ्या पोरांनी सांगितलं, कमरेला काईतरी ठेव, इथं कवा काय हुईल नेम न्हाई. ठेवला. औंदा दिवाळीला घरनं ह्यो मोठा आणला. मंग वाटायलं, समोरच्याच्या कमरेला बी असंलच. समद्यांचाच शक यायला लागला, झोप येईना. म्हणून घोट घ्यायलो. घोट घेतला की शक आणखीनच वाढायचा आन् सुरा काढावा वाटायचा. काल काय झालं ते खरंच आठवत न्हाई, आण्णा. वाल्मीकनं मारलं असं मी म्हणलो न्हाई. पण न्हाई मारलं, असं बी म्हणलो न्हाई."

सटवाजींनी जंबियाला हात लावला नाही. त्यांनी टेबलावरचा कोयता दोन्ही हातांनी उचलला, दारापर्यंत गेले आणि वाल्मीकपुढं धरला.

"घे लेकरा. चुकलं आमचं."

वाल्मीक कोयता घेतो न घेतो, तोच बाहेर गडबड झाली. डोक्याला फडकं बांधलेली, पायांना पाचट चिकटलेली एक बाई धापा टाकत आत आली. वाल्मीकची आई, दैवशाला. तिनं पोराच्या हातात कोयता पाहिला, प्राचार्यांचा चेहरा पाहिला आणि तिथंच खाली बसली.

"काय केलं ओ त्यानं?" तिला एवढंच विचारता आलं.

तात्याराव खुर्चीतून उठले. वसतिगृहातल्या पोरांनी त्यांना कुणासाठी उठताना कधी पाहिलं नव्हतं. "बाई, त्यानं काही केलेलं नाही. चूक माझी झाली. तुमचा मुलगा इथंच शिकेल."

दैवशालानं पदरानं तोंड पुसलं. सगळं समजायला तिला जरा वेळ लागला. समजल्यावर ती उठली आणि प्राचार्यांना म्हणाली, "मंग मला कामून बलावलं? तिकडं मोळ्या तशाच टाकून आलेय म्या."

६

चंद्रभानला त्या वर्षापुरतं वसतिगृह सोडावं लागलं आणि त्याची सार्जंटची पट्टी गेली. मुंजाजीला महिनाभर मेसची भांडी घासावी लागली. त्याच्या आंघोळीवर आता नर्मदाबाई जातीनं लक्ष ठेवत होत्या. बन्सीधर टाके सुकेपर्यंत सहा नंबरच्या खोलीत राहिला. ती वाल्मीकची खोली. तिथं जायची मागणी बन्सीधरचीच होती. वाल्मीक दोन दिवस त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही, पण रात्री तांब्या भरून त्याच्या उशाशी ठेवत होता.

तात्यारावांना मात्र चैन नव्हती. त्यांना सगळ्या ट्रंका फोडायच्या होत्या.

"नगा साहेब," लिंबाजी म्हणाला. "ट्रंका फोडल्या तर सुरे भिंतीत जातील, छपरात जातील. त्यापरीस पोरांना सांगा, बुधवारी लिंबाजी येणार हाय. ज्याला कमरेचं वझं नगं झालंय, त्यानं त्ये धुण्यात टाकावं. कुणाच्या धुण्यात काय निघालं, ह्ये मी कुणाला सांगणार न्हाई. निघालेलं समदं रेक्टरसाहेबांना एकगठ्ठा देईन."

तात्याराव खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "ठीक आहे."

बुधवारी गाठोडी इतकी जड झाली, की सायकल चालवता येईना. वाल्मीक ती ढकलत घाटावर आला. उन्हात गोदेचं पाणी लख्ख दिसत होतं. पैलतीराला कुणीतरी म्हशी धूत होतं. दोघांनी दगडावर गाठोडी सोडली आणि शर्टांच्या बाह्यांतून, चादरीच्या घड्यांतून, मोज्यांतून ऐवज निघू लागला. रामपुरी चाकू, सायकलची चेन, बोटांत घालायचे दोन लोखंडी पंजे, भाकरीच्या फडक्यात बांधलेला सुरा. एका पोरानं तर अर्धी भरलेली बाटलीही टाकली होती. तिच्याभोवती बनियन इतका जपून गुंडाळला होता, की लिंबाजीला हसू आवरेना. बाटली त्यानं लगेच नदीकाठच्या वाळूत ओतून टाकली.

वाल्मीक मोजत होता. "सतरा, मामा! सतरा पोरं भ्यायली हुती. मला वाटायचं, मी एकटाच भितो."

शेवटचं गाठोडं लहान होतं. पांढरं धोतर, दोन सदरे, चौकटीचा पलंगपोस. हे वसतिगृहातलं नव्हतं. वाटेत प्राचार्यांच्या बंगल्यावरून घेतलेलं. वाल्मीकनं पलंगपोस उलगडला आणि त्यातून काठीच्या पोटात पातं दडवलेली हातभर लांबीची गुप्ती निसटून दगडावर खणकन पडली. मूठ घासून गुळगुळीत झालेली. बरीच वर्षं हाताळलेली.

दोघंही तिच्याकडं बघत राहिले. ज्या माणसानं सोमवारी कोयत्यासाठी वाल्मीकचा दाखला फाडायला काढला होता, तोही इतकी वर्षं याच भीतीत झोपत आला होता.  आता बोलायचं ते वाल्मीकनं बोलावं, असं लिंबाजीला वाटलं.

वाल्मीकनं गुप्ती उचलली. बाहेर आलेलं पातं परत तिच्या काठीत सरकवलं, ते कितीसं आहे हेही पाहिलं नाही. मग सतरा हत्यारांचा ढीग हातानं बाजूला केला, ती अगदी तळाशी सारली आणि वरून सगळे चाकू, सुरे, चेन पुन्हा रचून ठेवले. रेक्टरसाहेबांना द्यायच्या पोत्यात आता अठरा झाली होती. कुणाची कुठली, हे ओळखणं कुणालाच शक्य नव्हतं.

"चला मामा," तो बाह्या वर सारत म्हणाला, "सरांचं धोतर मी धुतो."